कॅमेरा मोठा की नजर?

छायाचित्रणाची हौस असलेली चार माणसे एकत्र आली की दोन गोष्टी हमखास घडतात. प्रथम एकमेकांची छायाचित्रे कौतुकाने पाहिली जातात आणि लगेच प्रश्न येतो, ‘कॅमेरा कोणता? लेन्स कोणती?’ उत्तम छायाचित्राचे श्रेय उपकरणाला द्यावे की ते हाताळणाऱ्याच्या कौशल्याला, हा वाद जुना आहे. या वादाचे उत्तर शोधायचे तर बंगळुरूसारखे दुसरे योग्य शहर क्वचितच सापडेल.

संगणकनगरी म्हणून नावारूपाला येण्याच्या कितीतरी आधीपासून बंगळुरू हे हौशी छायाचित्रकारांचे शहर आहे. १९५३ साली स्थापन झालेल्या फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी या संस्थेच्या उभारणीत येथील डॉ. जी. थॉमस यांचा मोठा वाटा होता. १९७१ मध्ये येथे यूथ फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली. तंजावरहून येऊन बंगळुरूत स्थिरावलेले टी. एन. ए. पेरुमाळ (१९३२-२०१७) यांनी वन्यजीव छायाचित्रकारांच्या अनेक पिढ्या घडवल्या.

मराठी वाचकांना आपुलकी वाटावी असे एक नाव या परंपरेत आहे. संडूरच्या घोरपडे राजघराण्यातील मुरारराव यशवंतराव घोरपडे (१९३१-२०११) हे १९७२ ते १९७७ या काळात कर्नाटकचे अर्थमंत्री होते. राज्याचा अर्थसंकल्प मांडणारा हा गृहस्थ सवड मिळताच कॅमेरा घेऊन रानात जाई. त्यांची कृष्णधवल वन्यजीव छायाचित्रे जगभर वाखाणली गेली. ‘सनलाइट अँड शॅडोज’ हे त्यांचे पुस्तक १९८३ साली प्रसिद्ध झाले. पुस्तकाच्या नावात कॅमेऱ्याचा उल्लेख नाही. आहे तो ऊन आणि सावलीचा. राजघराण्यातील माणसाला उपकरणांची ददात नव्हती हे खरे. पण रानातले ऊन कोणालाच विकत मिळत नाही. त्यासाठी पहाटे उठून वाट पाहावी लागते.

मग उपकरणाला महत्त्वच नाही काय? तसेही म्हणता येणार नाही. थोडे गणित पाहू. एफ/२.८ छिद्राची लेन्स एफ/५.६ च्या तुलनेत चौपट प्रकाश आत घेते. सांजवेळी उडणारा पक्षी टिपताना हा फरक निर्णायक ठरतो आणि त्यासाठीच अशा लेन्सला लाखांत किंमत मोजावी लागते. परंतु ३०० मि.मी. लेन्स हातात धरून छायाचित्र घेताना शटरचा वेग सेकंदाच्या तीनशेव्या भागापेक्षा कमी नसावा, हा साधा नियम माहीत नसेल, तर महागडी लेन्सही अस्पष्ट चित्रच देईल. उलट श्रीरंगपट्टणजवळच्या रंगनतिट्टू पक्षी अभयारण्यात नाव पक्ष्यांच्या बऱ्याच जवळून जाते. तेथे योग्य वेळ आणि स्थिर हात असलेला माणूस मध्यम लेन्सवरही समाधानकारक काम करू शकतो. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण कॅमेऱ्यालाही लागू पडते.

छायाचित्र-मंडळांचा खरा उपयोग येथेच होतो. स्पर्धांमध्ये परीक्षकांसमोर छायाचित्र येते, ते घेणाऱ्याचे नाव येत नाही. कॅमेऱ्याची किंमत तर नाहीच नाही. निसर्ग विभागात चित्रातील एखादी फांदी संगणकावर पुसून टाकणेही नियमबाह्य ठरते. त्यामुळे जे साधायचे ते छायाचित्र घेतानाच साधावे लागते. पक्ष्यांना त्रास होऊ नये म्हणून आज अनेक स्पर्धा घरट्यावरील छायाचित्रे स्वीकारत नाहीत. पूर्वी अशी छायाचित्रे कौतुकाचा विषय असत. म्हणजेच तंत्राबरोबर विवेकही शिकावा लागतो आणि तो कोणत्याही दुकानात मिळत नाही.

आता थोडे आमच्या क्षेत्राविषयी. यंत्रसामग्रीसाठी कर्ज मागणाऱ्या उद्योजकाला बँक विचारते की, हाती असलेल्या यंत्राची पूर्ण क्षमता आपण वापरता काय? हाच प्रश्न हौशी छायाचित्रकाराने स्वतःला विचारावा. नवे प्रारूप बाजारात आले की कॅमेऱ्याचे मूल्य झपाट्याने घसरते. चांगल्या लेन्सचे मूल्य तुलनेने अधिक काळ टिकते. म्हणून खर्च करायचाच असेल तर तो आधी लेन्सवर, भक्कम तिपाईवर आणि प्रवासावर करावा. हौसेची वस्तू शक्यतो बचतीतून घ्यावी. मासिक हप्त्याचे ओझे डोक्यावर असले की छंदातला आनंद कमी होतो. महागडे साहित्य घेतलेच तर त्याचा विमा उतरवण्यास विसरू नये.

नवा कॅमेरा घेण्यापूर्वी वाचकांनी एक प्रयोग अवश्य करावा. महिनाभर घरातला जुना कॅमेरा किंवा मोबाइल घेऊन एकाच ठिकाणी, लालबागेत किंवा आपल्या गावच्या तळ्यावर, वेगवेगळ्या वेळी जावे. त्यांतील दहा छायाचित्रे निवडून एखाद्या जाणकाराला दाखवावीत आणि त्याची टीका शांतपणे ऐकून घ्यावी. त्यानंतरही हातातले उपकरण अपुरे वाटले, तर नेमके काय विकत घ्यायचे हे आपले आपल्यालाच उमगलेले असेल.