भोपाळला निघालात? गॅसचं राहू द्या, पाण्याचं विचारा

बदलीच्या कागदावर ‘भोपाळ’ दिसलं की पुण्या-नाशकाकडच्या घरांत पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘अरे, पण तिथल्या हवेत अजून गॅस आहे ना?’ विचारणारे अडाणी नसतात. इंजिनिअर असतात, बँकेत अधिकारी असतात, एखाद-दोन डॉक्टरही निघतात. मग एकेक शंका पुढे येते. तान्हं मूल घेऊन यावं का, दिवस गेले असताना यावं का, अंगणातला पेरू खावा का. मी भोपाळमध्येच राहतो, त्यामुळे उत्तर द्यायचं काम आपसूक माझ्याकडे येतं. एकदा सविस्तर लिहून टाकतो.

हवेत गॅस नाही. तो १९८४च्या डिसेंबरातच संपला.

२ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं. आतला मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे एमआयसी, तापला, दाब वाढला आणि सुमारे ४० टन विष झोपलेल्या वस्त्यांवर पसरलं. पाण्याशी संयोग होताच भडकणारा हा पदार्थ आहे, अनर्थ घडला तोच त्यामुळे. पण हाच गुणधर्म त्याला टिकूही देत नाही. ओलावा मिळाला की त्याची दुसरी संयुगं बनतात. असा पदार्थ चाळीस पावसाळे शहराच्या हवेत तरंगत राहील, हे बारावीचं रसायनशास्त्र शिकलेल्या माणसानं तरी म्हणू नये.

‘पण कारखान्याच्या टाकीत उरला असेल की!’ उरला होता, शेजारच्या ६११ क्रमांकाच्या टाकीत. तो तिथे तसाच ठेवणं धोक्याचं, म्हणून सीएसआयआरच्या डॉ. एस. वरदराजन यांच्या देखरेखीखाली १६ डिसेंबर १९८४ पासून कारखाना पुन्हा चालू करून त्या एमआयसीचं कीटकनाशक बनवून टाकण्यात आलं. मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन फेथ’. वरून हेलिकॉप्टर पाणी शिंपत होती, कुंपणावर ओली कापडं लावली होती, आणि तरीही लाखो लोक भीतीनं शहर सोडून गेले होते. त्यांची भीती मी समजू शकतो, दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी प्रेतं पाहिली होती. आज हिंजवडीत बसून तीच भीती बाळगणाऱ्यांचं मात्र समजत नाही.

आता दुसरी बाजू. ‘गॅस नाही’ म्हटलं की काही जण लगेच दुसऱ्या टोकाला जातात : म्हणजे सगळं साफ झालं! तर तसंही नाही. आणि इथे मला पहिल्या गैरसमजापेक्षा जास्त चीड येते, कारण पहिल्यानं नुसती झोप उडते, हा मात्र अंगाशी येऊ शकतो.

गॅस सुटण्याच्या आधीची कित्येक वर्षं कारखान्याचा रासायनिक कचरा आवारातच पुरला जात होता आणि बाहेरच्या बाष्पीभवन तळ्यांत सोडला जात होता. तो झिरपला जमिनीत. त्याचा त्या रात्रीशी थेट संबंध नाही. ती रात्र उजाडलीच नसती तरी हे पाणी नासलंच असतं. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं २००९ साली घेतलेल्या नमुन्यांत कारखान्याबाहेरच्या भूजलातही क्लोरीनयुक्त बेंझिन आणि कीटकनाशकं सापडली. त्याआधीच, २००४ मध्ये, बाधित वस्त्यांना पिण्याचं स्वच्छ पाणी पुरवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला राज्य सरकारला द्यावा लागला होता. जानेवारी २०२५ मध्ये बारा कंटेनरमधून ३३७ टन कचरा पीथमपूरला गेला आणि जूनअखेर जाळून झाला, ती बातमी तुम्ही वाचली असेल. पण तो गोळा करून शेडमध्ये भरून ठेवलेला कचरा होता. जमिनीत मुरलेलं त्या कंटेनरांत बसत नव्हतं.

मग भोपाळ राहण्याजोगं आहे की नाही? नकाशा उघडा. कारखाना शहराच्या उत्तरेला, बैरसिया रोडच्या अंगाला आहे. जयप्रकाश नगर, अटल अयूब नगर, आरिफ नगर, अन्नू नगर या त्याच्या भोवतालच्या वस्त्या. बदलून आलेला मराठी माणूस साधारण घर शोधतो ते अरेरा कॉलनी, कोलार रोड, होशंगाबाद रोड किंवा भेलकडे, म्हणजे बऱ्याच अंतरावर. शहराच्या नळाला येणारं पाणी मोठ्या तलावाचं, कोलार धरणाचं आणि नर्मदेचं. मोठा तलाव भरतो तो सिहोरच्या बाजूनं येणाऱ्या कोलांस नदीनं. कारखान्याखालच्या भूजलाचा या नळांशी संबंध नाही.

म्हणून घर पाहताना घरमालकाला हवेबद्दल काही विचारू नका, तो हसेल. विचारायचं ते हे : नळाला नर्मदेचं किंवा कोलारचं पाणी येतं का, की सोसायटी बोअरवर चालते? किती दिवसाआड येतं? उन्हाळ्यात टँकर लागतो का, आणि टँकर कुठल्या बोअरवर भरतो? शहराच्या कडेला उगवलेल्या नव्या कॉलन्यांत हा प्रश्न खरा आहे, आणि तिथे अडचण कार्बाइडची नसून साधी पाणीटंचाईची आणि जड पाण्याची असते. उत्तरेकडच्या जुन्या वस्त्यांत स्वस्त घर मिळालं तर मात्र हातपंप आणि बोअरपासून दूर राहा, नळाची जोडणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

याच विषयावर आणखी एक, आणि हे लिहावं लागतं याचीच लाज वाटते. घरकामाला येणाऱ्या बाई गॅसपीडित वस्तीतल्या असतील तर मुलांना काही ‘लागेल’ का, असंही विचारलं जातं. नाही. त्यांच्या फुप्फुसांना आणि डोळ्यांना झालेली ती इजा आहे, रोगजंतू नव्हेत.

गॅसचं इथे संपवतो. आपली माणसं खरी फसतात ती कागदांत.

‘जातीचा दाखला भारतभर चालतो’, हा त्यातला सगळ्यात महाग पडणारा समज. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यघटनेच्या ३४१ आणि ३४२ या कलमांनुसार राज्यवार आहेत. यावरचा गाजलेला खटला आपल्या मुंबईतलाच. आंध्रातल्या जमातीतला एक विद्यार्थी, वडील नोकरीनिमित्त मुंबईत, आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात राखीव जागेवर प्रवेश नाकारलेला. मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात १९९०ला घटनापीठानं सांगितलं की मूळ राज्यातला दर्जा दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही. २०१८च्या बीर सिंह निकालातही तेच तत्त्व कायम राहिलं. म्हणजे महाराष्ट्राचा दाखला घेऊन मध्य प्रदेश शासनाच्या नोकरीत किंवा राज्याच्या कोट्यात आरक्षण मागता येणार नाही, जातीचं नाव दोन्ही याद्यांत असलं तरी. केंद्राच्या नोकऱ्यांसाठी मूळ राज्याचा दर्जा कायम राहतो, तेव्हा वडिलांचा दाखला जपून ठेवा. इथे वाढलेल्या मुलांचा दाखला त्याच आधारावर निघतो.

दहावी-बारावीच्या मुलांच्या आईबापांनी तर सामान बांधायच्या आधी थांबावं. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशाच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी, काही अपवाद सोडले तर, अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. मुलगी बारावी भोपाळमधून झाली आणि मग ‘आपलं डोमिसाईल आहे की’ म्हणून अर्ज भरला, तर तो बाद होतो. भाडेकरार दाखवला की मध्य प्रदेशचा स्थानिक रहिवासी दाखला हातात पडेल, असंही नाही. बदली नोकरीत असेल तर कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठीच्या सवलती आधी लेखी तपासा.

गाडीबद्दल दोन परस्परविरोधी अफवा आहेत. ‘महिन्यात एमपी ०४ करा, नाहीतर जप्त होते’ ही एक, आणि ‘काही करावं लागत नाही’ ही दुसरी. मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ सांगतं की गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहणार असेल तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. आधी कर्ज देणाऱ्या बँकेचं, मग महाराष्ट्राच्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, मग इथे नोंदणी आणि कर. महाराष्ट्रात एकरकमी भरलेल्या कराचा परतावा वेगळा अर्ज करूनच मिळतो, तो आपण होऊन कुणी पाठवत नाही. बदलीची नोकरी असेल आणि गाडी नवीनच घ्यायची असेल तर २०२१ पासूनची बीएच मालिका पाहा. सरकारी कर्मचाऱ्यांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांतल्या लोकांना ती मिळते.

बाकीचं झटपट. वाहन चालवण्याचा परवाना देशभर चालतो, नवा काढायची गरज नाही. मतदार यादीत नाव दोन्हीकडे ‘असू दे’ म्हणून ठेवता येत नाही, स्थलांतरासाठी नमुना ८ भरायचा. रेशनकार्ड रद्द न करताही केंद्राच्या योजनेचं धान्य इथे मिळतं, महाराष्ट्राच्या स्वतःच्या योजनांचं मिळत नाही.

‘तिकडे मराठी कोण बोलणार?’ १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. विदर्भ मुंबई राज्यात गेला, राजधानी भोपाळला आली आणि सचिवालयातली मराठी कुटुंबं फायलींबरोबर इकडे आली. त्यांची तिसरी पिढी आता इथे घर चालवते. राज्याच्या संस्कृती विभागाची मराठी साहित्य अकादमी याच शहरात आहे. गणपतीला मोदक मिळतात, पोहे तर सकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर, फक्त त्यावर शेव आणि सोबत जिलबी असते.

आणि तलावांचं शहर म्हणजे थंड, असं कुणी सांगितलं असेल तर विश्वास ठेवू नका. मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. मुंबईच्या दमटपणात निरुपयोगी म्हणून माळ्यावर टाकलेला कूलर ट्रकमध्ये चढवा. इथल्या कोरड्या उन्हात एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत तोच उपयोगी पडतो, फक्त त्याला रोज पाणी लागतं.