४०३, ४०४ की ५०३? 'साइट बंद आहे' म्हणण्याआधी आकडा वाचा

शिष्यवृत्तीचा अर्ज असो, हजचा फॉर्म असो की वक्फ मालमत्तेची नोंदणी, आता बहुतेक कामं ऑनलाइन झाली आहेत. शेवटची तारीख जवळ आली की सायबर कॅफेत गर्दी होते आणि हमखास ऐकू येतं, "साइट बंद आहे." पण अडचण साइटची आहे की आपल्या बाजूची, हे स्क्रीनवर दिसणारा तीन अंकी आकडा सांगत असतो.

आपण पत्ता टाकला की ब्राउझर सर्व्हरकडे मागणी पाठवतो. सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत एक आकडा देतो. त्यातला पहिला अंक लक्षात ठेवा. २ म्हणजे काम झालं. ३ म्हणजे पान दुसरीकडे हलवलंय, ब्राउझर आपोआप तिथे नेतो. ४ म्हणजे मागणीत अडचण आहे. ५ म्हणजे अडचण सर्व्हरकडे आहे.

४ ने सुरू होणारे आकडे

४०१: तुमची ओळख पटलेली नाही. पुन्हा लॉगिन करा.
४०३: सर्व्हरला मागणी समजली, पण तो परवानगी देत नाही. पुन्हा पुन्हा बटण दाबून उपयोग नाही.
४०४: या पत्त्यावर पान नाही. लिंक जुनी किंवा चुकीची असू शकते. व्हॉट्सॲपवर आलेली लिंक सोडा, मुख्य पानावरून आत जा.
४२९: थोड्या वेळात फार वेळा प्रयत्न झाले. जरा थांबा.

५ ने सुरू होणारे आकडे

५००: सर्व्हरच्या आत बिघाड झालाय.
५०२: पुढच्या सर्व्हरला मागच्या सर्व्हरकडून चुकीचं उत्तर आलं.
५०३: सर्व्हरवर ताण आहे किंवा दुरुस्ती सुरू आहे. शेवटच्या दिवशी हा आकडा जास्त दिसतो. थोड्या वेळाने प्रयत्न करा.
५०४: मागच्या सर्व्हरचं उत्तर वेळेत आलंच नाही.

५०४ बाबत विशेष काळजी घ्या. फी भरताना हा आकडा आला तर पैसे गेले नाहीत असं समजू नका. मागे व्यवहार पूर्ण झालेला असू शकतो. आधी बँकेचं खातं आणि अर्जाची स्थिती तपासा, मगच पुन्हा पैसे भरा.

आणखी एक आकडा माहीत असावा, ४५१. कायदेशीर कारणाने मजकूर रोखला असेल तर तो दाखवतात. रे ब्रॅडबरी यांच्या पुस्तकं जाळणाऱ्या राजवटीवरच्या १९५३ च्या 'फॅरेनहाइट ४५१' या कादंबरीवरून तो घेतलाय. मात्र रोखलेली प्रत्येक साइट हा आकडा दाखवतेच असं नाही.

५ ने सुरू होणारा आकडा आला आणि मुदत संपत असेल, तर तारीख, वेळ आणि पत्ता दिसेल असा स्क्रीनशॉट काढा आणि हेल्पलाइनला लगेच ईमेल करा. "साइट चालत नव्हती" या तोंडी तक्रारीपेक्षा "अमुक वाजता ५०३ आला" या लेखी तक्रारीला वजन असतं. आणि मुला-मुलींनो, फॉर्म शेवटच्या रात्रीवर ठेवू नका.