जुना बाजार, दोन वायपर मोटर आणि मी

गावी आमच्या घरी दिवाळीच्या आसपास बोहारीण यायची. आई माळ्यावरचं जुन्या कपड्यांचं गाठोडं काढायची आणि मग ओट्यावर तासभर दोघींची जुंपायची. बोहारीण प्रत्येक कपडा उजेडात धरून बघायची, शिवण ताणायची, पँटची चेन दोनदा वरखाली करायची आणि तोंड वाकडं करून म्हणायची, "ताई, एवढ्यात पातेलं नाही बसत. अजून एक साडी टाका." आई म्हणायची, "अगं, जरीची आहे ती!" शेवटी पातेल्याच्या जागी डबा यायचा आणि दोघींनाही आपणच फसलो असं वाटायचं.

तेव्हा मला ही बाई फार चिकट वाटायची. आता मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आल्यावर कळतंय, की बाई चक्क इन्स्पेक्शन करत होती! आणि आम्ही चार भावी इंजिनियरांनी ते केलं नाही, म्हणून आमचा रोबो पहिल्याच फेरीत बाहेर पडला. कसा, तेच सांगते.

पुण्यात नव्याने आलेल्या ज्युनियर मंडळींसाठी आधी थोडी माहिती. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. दुकानं वगैरे फारशी नाहीत. जमिनीवर ताडपत्री अंथरायची आणि त्यावर माल ओतायचा. एका ताडपत्रीवर पाने, पकडी, ड्रिलचे बिट आणि बेअरिंग. शेजारच्या ताडपत्रीवर पितळी समई, जुनी नाणी, बंद पडलेली मनगटी घड्याळं, आणि कुठल्या टीव्हीचे ते कोणालाच माहीत नसलेले रिमोट. अमेरिकेत एम.एस.ला गेलेले आपले सीनियर 'थ्रिफ्ट स्टोअर'मधून खुर्च्या-टेबलं आणल्याचे फोटो टाकतात. त्या दुकानांची कल्पना चांगली आहे. १९०२ साली बॉस्टनमध्ये एडगर हेल्म्स नावाच्या धर्मोपदेशकाने लोकांकडून जुन्या वस्तू दान घ्यायच्या, गरजूंना काम देऊन त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्यायच्या आणि विकायच्या असं सुरू केलं. त्यातूनच पुढे 'गुडविल' ही संस्था उभी राहिली. तिथे वस्तूला किमतीची चिठ्ठी असते. आपल्याकडे चिठ्ठी नाही. किंमत तुमचे बूट आणि चेहरा बघून ठरते!

मी पहिल्यांदा गेले ती फर्स्ट इयरला, ड्रॉइंग बोर्ड शोधायला. बोर्ड मिळाला नाही. येताना किल्ली नसलेलं एक पितळी कुलूप मात्र घेऊन आले. (अजून हॉस्टेलवर आहे. उघडत नाही आणि लागतही नाही.) जुन्या बाजाराचा हा पहिला वैताग : जे हवं ते नसतं, आणि जे असतं ते हवंहवंसं वाटायला लागतं. दुसरा वैताग पुस्तकांचा. अप्पा बळवंत चौकात एम-थ्रीचं सेकंडहँड पुस्तक निम्म्या किमतीत मिळालं म्हणून मी खूश. घरी येऊन बघते तर आम्ही २०१९ पॅटर्नची मुलं आणि पुस्तक २०१५ पॅटर्नचं! वर आधीच्या मालकाने अर्ध्या पुस्तकाखाली पेनाने रेघा मारलेल्या. जिथे खरंच रेघ हवी होती, ती पानं मात्र कोरी करकरीत. त्या माणसाला केटी लागली असणार, अशी माझी आजही खात्री आहे.

मग लोक जातात कशाला? तर सेकंड इयरला मला जे सापडलं, त्यासाठी. एका काकांच्या ताडपत्रीवर कुलपं, बिजागऱ्या आणि नळाच्या तोट्यांच्या ढिगात मला इंग्रजी 'सी'च्या आकाराचं काहीतरी दिसलं. उचललं, तर मायक्रोमीटर! जपानी, मिटुटोयोचा, ० ते २५ मिलिमीटरचा. काकांना वाटत होतं की तो क्लॅम्प आहे. "शंभर द्या ताई," म्हणाले. मी घासाघीस न करता शंभराची नोट दिली आणि जवळजवळ पळतच निघाले. दुसऱ्या दिवशी मेट्रॉलॉजीच्या लॅबमध्ये स्लिप गेज लावून तपासला. ५, १०, १५, २०, २५ या पाचही ठिकाणी वाचन सारखंच ०.०२ मिलिमीटर जास्त येत होतं. म्हणजे निव्वळ झिरो एरर. ती दुरुस्त करता येते, नाहीतर उत्तरातून वजा करता येते. नव्या मायक्रोमीटरची किंमत नेटवर बघितली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

या यशाने माझं डोकं फिरलं. टीममध्ये मी 'जुन्या बाजाराची एक्स्पर्ट' झाले. थर्ड इयरला इंटरकॉलेज रोबो रेस होती. चौघांनी मेसच्या पैशातून वाचवून थोडेफार जमवले होते. दोन चाकांना दोन १२ व्होल्टच्या वायपर मोटर हव्या होत्या. वायपर मोटर, म्हणजे गाडीच्या काचेवरचा वायपर हलवणारी. आत वर्म गिअर असल्यामुळे वेग कमी आणि टॉर्क भरपूर, त्यामुळे रोबोवाल्यांची लाडकी. एक मित्र म्हणाला, "नव्या घेऊया, उगाच रिस्क नको." मी म्हटलं, "वेडा आहेस का? साडेतीनशेला एक मिळते तिकडे." रविवारी गेलो, बरोबर बॅटरी नेली. दोन्ही मोटरना तारा लावल्या, दोन्ही गरागरा फिरल्या. सातशे रुपये दिले आणि वर उसाचा रस प्यायलो.

रोबो तयार झाला. सरळ जायला सांगितलं की डावीकडे वळायचा. चाकं बदलली, वजन सरकवलं, वायरिंग तीनदा केलं, तरी डावीकडेच! शेवटी चाकावर खडूची खूण करून एका मिनिटात किती फेरे होतात ते मोजले. उजवी ५२, डावी ४४. अॅमीटर लावला तर रिकामी फिरतानासुद्धा डावी मोटर उजवीच्या जवळजवळ दुप्पट करंट खात होती. उघडून पाहिली तर ब्रश झिजलेले, कम्युटेटर काळाठिक्कर, गिअरमधलं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं. मग सर्किटमधून उजव्या मोटरचा वेग कमी करून पाहिला. हवेत धरल्यावर दोन्ही चाकं सारखी फिरली. जमिनीवर ठेवला, लोड आला, की पुन्हा डावीकडे. तोपर्यंत नव्या मोटर घ्यायला ना पैसे उरले होते ना दिवस. रेसच्या दिवशी पहिल्याच वळणाआधी रोबो कठड्याला जाऊन टेकला. वळण उजवीकडे होतं, हे वेगळं सांगायला नकोच! मित्र मला एका शब्दाने बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

असो. पण हा वैताग मला एका थिअरीपाशी घेऊन गेला, आणि ती जुन्या बाजारात जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावी असं वाटतं.

रिलायबिलिटीच्या विषयात 'बाथटब कर्व्ह' असतो. आडव्या अक्षावर वस्तूचं वय, उभ्या अक्षावर ती बिघडण्याचा दर. वस्तू नवीन असताना हा दर जास्त असतो, कारण बनवतानाचे दोष लगेच बाहेर येतात. मग तो खाली येऊन बराच काळ सपाट राहतो. शेवटी झीज सुरू झाली की पुन्हा वर चढतो. आकार न्हाणीतल्या टबासारखा, म्हणून हे नाव. आता गंमत बघा. जुनी वस्तू टबाची डावी भिंत ओलांडून आलेली असते, म्हणजे बालपणीच्या दुखण्यातून ती वाचलेली आहे. हा तिचा फायदा. प्रश्न एवढाच, की उजवी भिंत किती लांब आहे? आणि ते वस्तूच्या जातीवर अवलंबून असतं.

ज्यात हलणारं, वाळणारं किंवा रसायनाने चालणारं काही नाही, त्याची उजवी भिंत खूप लांब. बेंच व्हाइस, पाने, ऐरण, लोखंडी स्टँड, ट्रान्सफॉर्मर, हीट सिंक हे सगळं डोळे उघडे ठेवून खुशाल घ्या. मायक्रोमीटर, व्हर्नियर ही हत्यारं झिजतात, पण झीज मोजता येते. मोजून घ्या. याउलट बॅटरी, रबरी बेल्ट, ऑइल सील, कार्बन ब्रशच्या मोटर आणि इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर यांची भिंत जवळ असते, आणि ती बाहेरून दिसत नाही. कॅपॅसिटरच्या आतलं द्रव हळूहळू वाळतं. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. म्हणून जुना ॲम्प्लिफायर किंवा पॉवर सप्लाय घेताना झाकण उघडून कॅपॅसिटरची डोकी बघा. सपाट असली तर ठीक, फुगलेली असली तर नमस्कार करून पुढे चला.

आमची चूक काय झाली? आम्ही मोटर 'फिरते का' हे बघितलं, 'किती फिरते' हे बघितलंच नाही. दहा सेकंदांत कळणारी गोष्ट आणि एक मिनिट मोजल्यावर कळणारी गोष्ट वेगळी असते. दुसरी चूक त्याहून मोठी. जुन्या बाजारात वस्तू मिळते, जोडी मिळत नाही. नव्या दोन मोटर कारखान्यातून एकाच टॉलरन्समध्ये येतात. जुन्या दोन मोटरपैकी एक कोकणातल्या पावसात चाललेली असते आणि दुसरी सोलापूरच्या उन्हात. जिथे एकच नग हवा तिथे जुना चालेल. जिथे दोन नग एकमेकांसारखे हवेत, तिथे पैसे टाका आणि नवे घ्या.

आता किमतीची गोष्ट. जॉर्ज अॅकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली सेकंडहँड गाड्यांच्या बाजारावर एक पेपर लिहिला. अमेरिकेत खराब निघालेल्या गाडीला 'लेमन' म्हणजे लिंबू म्हणतात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा मध्यम गाडीचीच किंमत देतो. मग चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, एवढ्याला मी नाही विकत. चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि उरतात ती लिंबं. हा पेपर आधी बऱ्याच जर्नलांनी परत पाठवला होता. पुढे २००१ साली त्याच कामासाठी अॅकरलॉफला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. (केटी लागलेल्यांनी नोंद घ्यावी.)

जुन्या बाजारात यात अजून एक वळण आहे. माल भंगारवाल्यामार्फत येतो, त्यामुळे बऱ्याचदा विकणाऱ्यालाही काही माहीत नसतं. दोघंही अंधारात! मग ज्याच्याकडे थोडा जास्त उजेड असेल त्याचा फायदा. मायक्रोमीटरच्या वेळी उजेड माझ्याकडे होता. मोटरच्या वेळी आपल्याकडे आहे असं मला नुसतं वाटत होतं.

म्हणून जाताना खिशात मल्टिमीटर, छोटी टॉर्च, लोहचुंबक आणि स्टीलची पट्टी असू द्या. चुंबकाने पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड लगेच ओळखू येतं. आणि एक महत्त्वाचं : बिल नसलेला मोबाइल स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. चोरीचा आहे हे माहीत असताना किंवा तसं वाटायला कारण असताना माल घेणं हा गुन्हा आहे. मोबाइलवर *#०६# दाबून आयएमईआय नंबर मिळतो आणि सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर तो तपासता येतो. विकणारा हे करू देत नसेल तर उत्तर मिळालंच.

शेवटी त्या काकांबद्दल. मायक्रोमीटर घेतल्यावर मी बरेच दिवस त्यांच्या ताडपत्रीकडे जायचं टाळत होते. फसवलं तर नव्हतं. त्यांनी मागितले तेवढे पैसे मी दिले होते. पण दिवसभर उन्हात बसणाऱ्या माणसाला आपण काय विकतोय हे माहीत नव्हतं, आणि मला माहीत होतं. रोबोचा निकाल लागल्यानंतरच्या रविवारी मी गेले आणि सांगून टाकलं. काका दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "मग ताई, त्या दिवशी का नाय बोलला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी दोनशे रुपये पुढे केले. त्यांनी शंभर घेतले, शंभर परत दिले. "शिकायच्या कामाला आला ना," म्हणाले.

तेव्हापासून दर आठवड्याला न ओळखू येणाऱ्या वस्तू ते एका पिशवीत माझ्यासाठी बाजूला ठेवतात. मी गेले की पिशवी उघडायची, एकेक वस्तू उजेडात धरायची आणि नाव सांगायचं : हा डायल गेज, हा थ्रेड गेज, हा कशाचातरी तुटलेला तुकडा, फेकून द्या. काका बाजूला कागदावर लिहून घेतात. गेल्या महिन्यात त्या पिशवीत एक सुंदर डायल गेज होता. मी नाव सांगितलं आणि मग विचारलं, "केवढ्याला देणार?"

काकांनी सांगितलेली किंमत अगदी रास्त होती. मला परवडली नाही.