शुश्रूषेबरोबर साक्ष देणाऱ्या परिचारिका

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वस्तीतील एका मजूर भगिनीवर अत्याचार झाला. तिला व तिच्या आईला घेऊन मी सकाळी दहाला एका दवाखान्यात गेलो. "आधी पोलिसांचा कागद आणा," असे खिडकीवर सांगण्यात आले. कागद आणला, तर डॉक्टरसाहेब ऑपरेशनमध्ये. दुपार टळली तरी ती बाकावरच बसून होती. घराण्याची अब्रू झाकावी म्हणून आईने पहाटेच तिचे कपडे धुऊन टाकले होते. म्हणजे निम्मा पुरावा मोरीतूनच वाहून गेला होता. अखेर एका वयस्कर सिस्टरने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिला पडद्याआड नेले आणि विचारले, "बाळ, काही खाल्लंस का?" त्या दिवशी पहिला माणुसकीचा शब्द निघाला तो त्या सिस्टरच्या तोंडून. माझ्या मनात आले, हे कामच तिच्या हाती असते तर?

वाचक भगिनींनो, हाच प्रश्न अमेरिकेतील परिचारिकांनी पन्नास वर्षांपूर्वी विचारला होता. तेथेही पीडित स्त्री तासन् तास ताटकळत असे. अपघाताचे, हृदयविकाराचे रुग्ण आधी, ही शेवटी. या तपासणीचे शिक्षण बहुतेक डॉक्टरांना नसे आणि कोर्टाची पायरी चढणे त्यांना नको असे. तेव्हा काही परिचारिकांनी स्वतः शिकून हे काम हाती घेतले. १९७६ साली मेम्फिस, १९७७ साली मिनियापोलिस आणि १९७९ साली टेक्सासमधील अमारिलो येथे अशी केंद्रे सुरू झाली. मिनियापोलिसच्या केंद्रामागे लिंडा लेड्रे ही परिचारिका होती.

पुढे केंद्रे वाढली, पण प्रत्येकीची वाट एकटीची होती. म्हणून १९९२ च्या उन्हाळ्यात सत्तरांहून अधिक परिचारिका मिनियापोलिसला एकत्र जमल्या आणि त्यांनी फॉरेन्सिक परिचारिकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. व्हर्जिनिया लिंच या पहिल्या अध्यक्षा झाल्या. फॉरेन्सिक म्हणजे न्यायवैद्यक, कोर्टाच्या कामी येणारे वैद्यकशास्त्र. १९९५ साली अमेरिकेच्या परिचारिका महासंघाने या कामाला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता दिली. २००२ पासून संघटनेने स्वतःची प्रमाणपत्र परीक्षा सुरू केली. आज राज्याराज्यांत तिच्या शाखा आहेत. शाखा चालवणाऱ्या कोणी पुढारी नव्हेत, त्या परिचारिकाच आहेत. नवीन मुलींना शिकवणे आणि एकीचा अनुभव दुसरीपर्यंत पोहोचवणे हे त्यांचे काम.

ही परिचारिका करते काय? पहिली गोष्ट, संमती. प्रत्येक टप्प्यावर ती विचारते, आणि बाई 'नको' म्हणाली तर थांबते. डोक्यापासून पायापर्यंत जे दिसेल ते लिहिते, आपला तर्क लिहीत नाही. कपडे ती कागदी पिशवीत ठेवते. प्लास्टिकमध्ये ओल राहून बुरशी धरते व पुरावा नासतो. पिशवीवर सील, सही, तारीख, वेळ. पुढे ती पिशवी कोणी कोणाला कधी दिली, याची साखळी तुटू द्यायची नसते. माझ्यासारख्या कारकुनाला हे चटकन समजते. आवक-जावक रजिस्टरात एक नोंद राहिली की सगळी फाईल संशयात येते. इथे तर एका बाईचा न्याय त्या नोंदीवर टांगलेला असतो. शिवाय गर्भ राहू नये म्हणून व एचआयव्ही होऊ नये म्हणून वेळेत औषधे मिळतील हे ती पाहते. आणि बोलावणे आले की कोर्टात उभी राहून साक्ष देते.

याचे मोल आपल्या महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, याला महत्त्व देऊन सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोन्ही पोलिसांना सोडून दिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. जखम नसणे म्हणजे संमती नव्हे, हे जाणकार परिचारिका कोर्टाला समजावून सांगू शकते.

आपल्याकडे कायद्याने ही तपासणी नोंदणीकृत डॉक्टरच करतात. परंतु २०२१ पासून बी.एस्सी. नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमात फॉरेन्सिक नर्सिंगचा समावेश झाला आहे. दार किलकिले झाले आहे. कष्टकरी घरांतल्या कितीतरी मुली आज नर्सिंगला जातात. त्यांनी हा विषय परीक्षेपुरता पाठ न करता मनापासून शिकावा. आणि नोकरीला लागल्यावर एकेकटीने न झुरता संघटितपणे या कामासाठी प्रशिक्षण व अधिकार मागावेत. मिनियापोलिसला जमलेल्या त्या परिचारिकांनी दुसरे काय केले?

तोवर प्रत्येक घराने काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. असा प्रसंग आला तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. ते कागदात गुंडाळून सोबत न्या. शक्य तितक्या लवकर दवाखाना गाठा. एचआयव्हीचे औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. उशीर झाला म्हणून घरी मात्र बसू नका, उपचार तेव्हाही मिळतात. सरकारी असो वा खासगी, दवाखान्याने मोफत उपचार करणे बंधनकारक आहे. उपचारासाठी आधी पोलिसांचा कागद मागता येत नाही. उपचार नाकारणे हा गुन्हा आहे. 'टू फिंगर टेस्ट' नावाची अपमानकारक तपासणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली चुकीची ठरवली व २०२२ साली पुन्हा बजावले. कोणी करू लागले तर ठाम नकार द्या. मदतीसाठी महिलांकरिता १८१, मुलांकरिता १०९८ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.

आमच्या वस्तीतील त्या आईला हे कोणीच सांगितले नव्हते. म्हणून तिने कपडे धुतले. तिला दोष कसा द्यावा? दोष आपला, ज्यांना माहीत होते आणि ज्यांनी सांगितले नाही. महिला मंडळाच्या येत्या बैठकीत हा लेख कोणीतरी मोठ्याने वाचावा, आणि वस्तीतील एखाद्या सिस्टरला बोलावून तिच्याकडून चार गोष्टी समजून घ्याव्यात, एवढीच विनंती.