बिअर पातळ का लागते? घट्टपणा आणि चवीमागचे विज्ञान. घरगुती निर्मितीस मात्र कायद्याची आडकाठी

नवी दिल्ली : गुरुग्राममधील मायक्रोब्रुअरींमुळे राजधानी क्षेत्रातील ग्राहकांना ताज्या बिअरची ओळख झाली आणि ‘ही घरी करता येईल का’ हा प्रश्नही पुढे आला. ज्या देशांत घरगुती निर्मितीस मुभा आहे, तेथील नवशिक्यांची एक तक्रार नेहमीची असते: बिअर तयार होते, पण ती पातळ आणि बेचव लागते. त्याची कारणे प्रामुख्याने धान्य, तापमान, पाणी आणि यीस्ट या चार गोष्टींत सापडतात.

साखरेचा मोह

खर्च वाचवण्यासाठी माल्टऐवजी साधी साखर वापरणे, ही सर्वांत मोठी चूक ठरते. यीस्ट ही साखर जवळजवळ पूर्णपणे फस्त करते. त्यामुळे मद्यार्क वाढतो. जिभेवर जाणवणारा घट्टपणा मात्र मागे उरत नाही. तो येतो माल्टमधील डेक्स्ट्रिन या न आंबणाऱ्या शर्करांमुळे आणि प्रथिनांमुळे. म्हणूनच गहू किंवा ओट्सची जोड दिल्यास बिअर मऊसर होते व फेस टिकतो. भाजलेल्या कॅरॅमल माल्टने गोडसर चव आणि रंग येतो.

चार-पाच अंशांचा फरक

दळलेले माल्ट साधारण तासभर गरम पाण्यात ठेवले जाते. या काळात त्यातील विकरे पिष्टाचे शर्करेत रूपांतर करतात. तापमान ६२ ते ६५ अंश सेल्सिअस असेल, तर सहज आंबणारी शर्करा अधिक तयार होते आणि बिअर हलकी, कोरडी बनते. ६८ ते ७० अंशांवर डेक्स्ट्रिनचे प्रमाण वाढते व बिअर भरीव होते. त्यामुळे अचूक तापमापक हे यातील सर्वांत उपयुक्त साधन मानले जाते.

पाणी आणि उन्हाळा

राजधानी क्षेत्रातील अनेक भागांत भूजल कठीण व क्षारयुक्त आहे, तर ‘आरओ’ पाण्यात खनिजे फारशी उरत नाहीत. क्लोराइडमुळे माल्टची चव गोलाई धरते. सल्फेटमुळे हॉप्सचा कडवटपणा धारदार होतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढून न टाकल्यास औषधासारखा वास येऊ शकतो.

दिल्लीचा उन्हाळा ही आणखी एक कसोटी. ‘एल’ प्रकारच्या बिअरसाठी साधारण १८ ते २२ अंश, तर ‘लागर’साठी ८ ते १३ अंश तापमान लागते. खोलीचा पारा ३५ अंशांवर गेला, की यीस्ट उग्र, झोंबणारी चव निर्माण करते. किण्वन पूर्ण होण्याआधी बाटल्या बंद केल्यास आतील वायूच्या दाबाने त्या फुटण्याचाही धोका असतो.

कायदा काय सांगतो?

मद्यनिर्मिती हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. दिल्ली अबकारी अधिनियम, २००९ नुसार परवान्याविना मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे. नोएडा व गाझियाबादला उत्तर प्रदेशचा १९१० चा अबकारी कायदा लागू होतो, तर महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा परवान्याची अट घालतो. म्हणजेच स्वतःपुरती बिअर बनवण्याचा छंदही कारवाईस निमंत्रण देऊ शकतो.

ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरवरील परवान्याची अट काढली. अमेरिकेत १९७८ च्या संघीय कायद्याने एका प्रौढास वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर बिअर विक्रीविना बनवण्याची करमुक्त मुभा दिली. तेथील अनेक लहान ब्रुअरींची सुरुवात अशाच छंदातून झाली.

भारतात हा मार्ग परवानाधारक मायक्रोब्रुअरीतूनच जातो. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली ‘डूलाली’ हे त्याचे एक सुरुवातीचे उदाहरण. चवीची ही सूत्रे आजमावू इच्छिणाऱ्यांसाठी सध्या तरी अशा परवानाधारक ठिकाणचे प्रशिक्षण हाच सुरक्षित पर्याय आहे.