हवेतल्या मिनिटांचा बाजार

रेडिओवरचे गाणे आपण फुकट ऐकतो. पण त्याच्या मागेपुढे ज्या साडीच्या दुकानाचे किंवा मसाल्याचे नाव कानी पडते, त्या दुकानदाराने त्या दहा सेकंदांचे पैसे मोजलेले असतात. म्हणजे इथे माल गाणे नव्हे. माल आहे तुमचा-आमचा ऐकण्याचा वेळ!

हा बाजार आता लहान शहरांकडे निघाला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत आपली लातूर, चंद्रपूर, यवतमाळ आहेत आणि व्यंकोजीराजांचे तंजावरही आहे. पण अशा गावात रेडिओचा संसार चालायचा कसा?

घाऊक खरेदी, किरकोळ विक्री

वेळ विकत घेऊन तो पुन्हा विकण्याची कला आपल्याला रेडिओ सिलोनने शिकवली. १९५२ मध्ये मंत्री बाळकृष्ण केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते हटली आणि श्रोते कोलंबोकडे वळले. तिथे अर्धा तास टूथपेस्टच्या कंपनीने घ्यायचा, कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि फिती विमानाने कोलंबोला जायच्या. ‘बिनाका गीतमाला’ अशीच घराघरांत पोहोचली. तमिळनाडूतही सिलोनची तमिळ सेवा आवडीने ऐकली जाई. अखेर १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीनेही मुंबई, पुणे, नागपूर येथून जाहिराती घ्यायला सुरुवात केली.

१९९३ मध्ये आकाशवाणीने आणखी पुढचे पाऊल टाकले. मुंबई, दिल्ली, मद्रास, कलकत्ता आणि पणजी येथील एफएमचे तासच खासगी कंपन्यांना भाड्याने दिले. प्रक्षेपक सरकारचा, आवाज कंपनीचा. भाडे भरायचे आणि जाहिराती मिळवून ते वसूल करायचे. १९९८ मध्ये हे करार संपले ते पुन्हा झाले नाहीत.

नफा कुठे, तोटा कुठे?

एक सोपा हिशेब मांडू. समजा, एका तासाचे भाडे दोन हजार रुपये. त्यात दहा मिनिटे जाहिराती, म्हणजे दहा सेकंदांच्या साठ जाहिराती. प्रत्येकीचे पन्नास रुपये धरले, तर तीन हजार मिळतात आणि हजार रुपये सुटतात. पण साठऐवजी चोवीसच विकल्या गेल्या, तर हाती येतात बाराशे. भाडे मात्र तेवढेच! शिवाय न विकलेले मिनिट भाजीसारखे उद्या स्वस्तात काढता येत नाही. ते गेले ते गेलेच.

लहान गावात खरी मेख इथेच आहे. तंजावर हा भातपिकाचा प्रदेश. पोंगल, दिवाळी, लग्नसराई या दिवसांत सराफ आणि रेशमी साड्यांचे दुकानदार हात सैल सोडतात. आडी महिन्यात लग्ने नसतात, म्हणून दुकानदार सवलतींचे सेल लावतात आणि त्यांच्या जाहिराती येतात. मधले महिने मात्र कोरडे. खर्चाला असा हंगाम नसतो. वीज आणि निवेदकांचा पगार बारा महिने चालू असतो.

सरकारलाही हे अनुभवाने कळले. खासगी एफएमच्या पहिल्या फेरीत शुल्क ठरीव होते आणि दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत होते. कंपन्या मेटाकुटीला आल्या. २००५ मध्ये धोरण बदलले. एकदाच प्रवेश शुल्क भरायचे आणि पुढे ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के द्यायचे. उत्पन्न कमी, तर हिस्साही कमी. नव्या शहरांसाठीही वार्षिक शुल्क ४ टक्केच ठेवले आहे. तरी लिलावातली बोली अंगाशी येऊ शकते, कारण ते पैसे आधी मोजावे लागतात.

समाजाचा रेडिओ

तंजावरजवळ वल्लम येथे पेरियार मणियम्मै शिक्षणसंस्थेचे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. अशा केंद्रांचा हिशेब निराळा. नफा हा त्यांचा हेतू नसतो. २००६ च्या धोरणाने त्यांना तासाला ५ मिनिटे जाहिराती घेता येत होत्या आणि प्रायोजित कार्यक्रमांवर कडक मर्यादा होती. २०२४ मध्ये जाहिरातींची मर्यादा १२ मिनिटे झाली आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपयांवर गेला. बाराही मिनिटे या दराने भरली, तर तासाला ५,३२८ रुपये होतात. अर्थात रोज ती भरतील कुठून?

यात आपला संबंध काय, असे वाटेल. संबंध असा की, मिनिटे विकली गेली नाहीत की केंद्रचालकाला अर्धा-अर्धा तास देऊन टाकण्याचा मोह होतो. मग केस वाढवणारे तेल, गुडघेदुखीचे औषध, पैसे दुप्पट करणारी योजना ‘तज्ज्ञांच्या सल्ल्या’चे रूप घेऊन घरात शिरते. जाहिरात ही जाहिरात म्हणून आली तर हरकत नाही. तिच्यावरच रेडिओ जगतो. पण एखादा गोड आवाज अर्धा तास एकाच औषधाचे गुण गाऊ लागला, की आपणच विचारावे, हा अर्धा तास विकत कोणी घेतला आहे? लातूर असो वा तंजावर, वेळ आपला आहे. तो कोणाला द्यायचा, हे आपणच ठरवायला हवे.