ईपीएस-९५ पेन्शन: मुलाकडे राहायला गेलात तरी अडणार नाही

विघ्नहर, भीमाशंकर साखर कारखान्यांतून निवृत्त झालेल्या, नारायणगाव परिसरातल्या मंडळींसाठी हे लिहितोय. १ जानेवारी २०२५पासून ईपीएस-९५ची (कर्मचारी पेन्शन योजना, १९९५) पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेतून मिळते. मुलाकडे चाकणला गेलात, बँक बदललीत, तरी पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात हलवावा लागत नाही. हयातीचा दाखला वर्षात कधीही द्या, पुढे वर्षभर चालतो. आजोबांच्या बोटांचे ठसे उमटत नसतील तर मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. नातवंडांनी एवढं करून द्यावंच. २०१४ साली किमान पेन्शन १,००० रुपये ठरली. एवढ्यात बीपी-शुगरच्या गोळ्या तरी कशा भागायच्या?

आणि हो, बँकेचा विषय निघालाच आहे तर, १ नोव्हेंबर २०२५पासून बँकेतल्या ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, प्रत्येकाचा वाटा टक्क्यांत लिहून.